चौथ्या गाठीवरचा दिवा

फाल्गुनातल्या त्या रविवारी मी जीपमधून उतरले आणि सर्वांत आधी मला वास आला. माणसं, मांडव, खुर्च्या हे सगळं नंतर दिसलं. आंबूस, उबट, शेवटाला किंचित गोडसर, जणू ओल्या कडब्याखाली वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला श्वास कुणी एकदम मोकळा केला असावा, असा तो वास. रस्त्याच्या कडेला पळस पेटलेला होता, हरभऱ्याच्या खळ्यावरची कोरडी धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगत होती, कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटली होती. पण त्या साऱ्या गंधांना बाजूला सारून हा एकच गंध पुढे आला. साठावर वर्षं उलटली असतील. चेहरे पुसट झाले, कितीतरी नावं गेली, हा वास तेवढा जसाच्या तसा राहिला होता.

पेवाचा वास. आता पेव म्हणजे काय, हे सांगावं लागतं, इतके आम्ही जुने झालो. जमिनीच्या पोटात खोदलेलं धान्याचं कोठार ते. तोंड एवढंसं, माणूस जेमतेम उतरेल इतकं, आणि आत पोट रांजणासारखं सुटलेलं. बुडाला आणि कडेनं कडबा-कुटार रचायचं, मधे ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी ठेवून वरून माती लिंपायची. मग पावसाळे यावेत, जावेत; धरणीमाय आपल्या पोटात ते दाणे सांभाळून ठेवी.

माझं माहेर किन्हीराजाचं आणि सासर शेलूबाजारचं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं सगळं मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचलं आणि पोरांच्या उरलेल्या वह्यांत लिहून काढलं. त्यामुळे जीपनं अर्ध्या तासावरच्या गावात अविनाश नावाच्या मास्तरानं जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत गावाच्या इतिहासाचं संग्रहालय मांडलं, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी म्हाताऱ्या माणसांना बोलावून तो त्यांच्या आठवणी ऐकू लागला, तेव्हा माझं जणू नशीबच उघडलं. घरात माझी बडबड ऐकायला कुणाला वेळ नाही. तिथे सतरंजीवर बसवून, चहा देऊन, समोर मोबाइल ठेवून कुणी म्हणतं की आजी, बोला! मी बोलले. पेरणीत तिफणीमागे चालत सरत्याच्या नळीतून तुरीचा दाणा कसा सोडायचा ते बोलले, भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती कशा मांडायच्या ते बोलले, शेणाच्या सड्यात कोणत्या दिवशी काय मिसळायचं तेही बोलले.

त्या बैठका मोठ्या गमतीच्या असत. एकदा अविनाशची आई कमलाबाई भिंतीजवळच्या काचेतल्या, झाकण लावलेल्या पितळी भांड्यापाशी थबकली, त्याच्याखालची चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अव बाप्पा! याचं झाकण मी हरवलं म्हनून माह्या सासूनं मरेपरेंत मले शिव्या देल्या. आन् थे झाकण हितं, या पोट्ट्याच्या काचेत!" सगळी खोली हसली. अविनाश लाजला. दिवंगत आजीच्या पेटीच्या तळाशी ते झाकण त्याला मिळालं होतं, म्हणजे सासूनंच ठेवलं होतं. कमलाबाई बराच वेळ त्या काचेपुढे उभी राहिली, हसू ओसरल्यावरही. अशा जागी वस्तू नुसत्या ठेवलेल्या नसतात, माझी तर खात्री आहे. त्या बसून वाट पाहत असतात.

दुसऱ्या खोलीत खिडकीशेजारी पेवाचं एक मोठं चित्र होतं, उभं चिरून आतलं दाखवलेलं. दोन वर्षांत त्या चित्रासमोर मी एकदाही थांबले नाही. अविनाशनं एकदा विचारलं, आजी, पेवाचं काही आठवतं का. मी म्हटलं, नाही बापू, आमच्याकडे नव्हतं. खोटं बोलले. त्या सतरंजीवर मी सांगितलेल्या शंभर गोष्टींमधलं ते एकच खोटं.

माघात शाळेच्या आवाराचा एक कोपरा खचला. मुरूम बाजूला केला तर खाली फरशी, आणि फरशीच्या कडेनं जुनं लिंपण. पूर्वी तिथे कुण्या धान्यवाल्याचं आवार होतं म्हणतात. पेव भरलेलं तसंच बुजलं आणि विसरलं गेलं. अविनाशचा आनंद मी फोनवरून ऐकला. चित्रातलं पेव त्याच्या अंगणात खरं झालं होतं. त्यानं ठरवलं की फाल्गुनातल्या रविवारी साऱ्या गावासमोर फरशी काढायची, पाहुणे बोलवायचे, आणि स्वतः खाली उतरून तळचे दाणे वर आणायचे. "आजी, तुमी पायजेच," तो म्हणाला. मी बरं म्हटलं. मधल्या पंधरा दिवसांत तीन वेळा मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. मास्तर माणूस आहे, शिकलेला आहे, त्याला ठाऊक असेल, असं मी मनाला समजावत राहिले. खरं सांगायचं तर त्याला सावध करायचं म्हटलं की मला कसं ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं.

त्या दिवशी जीप भरेना. शेलूबाजारच्या चौकात ड्रायव्हर आणखी दोन सवाऱ्यांसाठी हाका मारत उभा, आणि मी आत बसून पदराचं टोक पिळत होते. उशीर झाला. उतरले तो वास आलेला. गर्दीतून वाट काढत पुढे गेले तर फरशी नुकतीच, तासाभरापूर्वी सरकवलेली. काळं वाटोळं तोंड उघडं पडलं होतं. त्यात बांबूची शिडी लावलेली, आणि अविनाश कमरेला दोर बांधून, कपाळावर बॅटरी चढवून, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवून कुणाच्या तरी मोबाइलकडे बघून हसत होता. त्याची नऊ वर्षांची ईश्वरी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती.

"थांब रे!" माझा आवाज इतका फाटला की ढोलकीवाला थांबला.

"या आजी, या! तुमचीच वाट पाहून राह्यलो."

"तू वर ये आंधी. दिवा सोडला का खाली?"

तो हसला, कपाळावर टकटक केलं. "बॅटरी हाय ना आजी. दिवा कायले पायजे?"

"बॅटरी नाई इझत बापू. दिवा इझते. म्हनून दिवा पायजे."

पायरीवरचा पाय काढून तो बाजूला झाला, पण त्याला उमगलं नाही. कुणालाच उमगलं नाही. पाहुण्यांपैकी एकानं घड्याळ पाहिलं. मी इकडेतिकडे बघितलं, तर उद्घाटनाच्या टेबलावर तबकात पितळी निरांजन तेवत ठेवलेलं, पाहुण्यांच्या हस्ते समई लावायची म्हणून. मी ते उचललं. आतल्या खोलीत जाऊन स्वयंपाकाच्या वस्तूंमधलं शिंकं खुंटीवरून काढलं, चिठ्ठीसकट, आणि आवारातल्या विहिरीच्या दोराला बांधलं. दोराला हातहातभर अंतरावर गाठी मारू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. बोटांना आपोआप आठवत होतं.

कमलाबाईनं माझं मनगट धरलं. आम्ही दोघी मैत्रिणी, पण तिचे डोळे त्या वेळी परके झाले होते. "येडी झाली का तू? पूजेचा दिवा गड्ड्यात सोडतं का कोनी? माह्या पोराच्या चांगल्या कामात काहून अपशकून करून राह्यली?"

मी मनगट सोडवून घेतलं आणि पेवाच्या कडेशी गुडघे टेकून निरांजन खाली सोडलं.

पहिली गाठ. आतल्या मातीच्या भिंतीवर पिवळा उजेड पसरला. दुसरी गाठ. कुजून काळी झालेली कडब्याची कड दिसू लागली. तिसरी. ज्योत आखडली, निळसर झाली, अंग चोरून घेतल्यासारखी वातीला चिकटली. चौथी गाठ बोटांतून सरकली न सरकली तोच अंधार झाला, आणि धुराची एक बारीक रेघसुद्धा वर आली नाही.

"हवेनं गेला," अविनाश म्हणाला.

हवा होतीच. फाल्गुनाची कोरडी, अंगात शिरणारी हवा मांडवाचं कापड फडफडवत होती. पाहुण्यांत कुणी हसलं. माझ्या कानात मात्र ते दोन शब्द अविनाशच्या आवाजात पडलेच नाहीत. ते एका दहा वर्षांच्या मुलीच्या आवाजात पडले, जिनं ते कधी उच्चारलेच नव्हते, फक्त मनात म्हटले होते.

मी पुन्हा वात पेटवली. या वेळी पदर पसरून तोंडाभोवती आडोसा केला. तीच पहिली गाठ, तीच दुसरी, आणि पुन्हा चौथ्या गाठीशी तोच अंधार.

"आजी, दोन मिनिटांचं काम हाय," अविनाश आता जरा चिडून, जरा अजीजीनं म्हणाला. "पाव्हने जाऊन राह्यले. मी खाली जातो, मूठभर दाने घेतो, वर येतो. दोर हाय ना कमरेला." आणि त्यानं शिडीला हात लावला.

मग मी जे केलं ते या वयाला शोभणारं नव्हतं. मी शिडीला आडवी आले. दोन्ही हातांनी वरची पायरी कवटाळून पेवाच्या तोंडाशी बसले. उतरायचं असेल तर मला उचलून फेकावं लागलं असतं. लोक बोलत होते, मोबाइल धरलेले हात माझ्या दिशेनं वळले होते, आणि त्या कोलाहलात मी ते सांगू लागले जे माझ्या नवऱ्याला, पोरांना, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

किन्हीराजाला आमच्या घरी आत्याचं लग्न होतं. ज्येष्ठाचं ऊन, दाराला आंब्याचा टहाळा, उंबऱ्यात हळदीची बोटं. वऱ्हाडाच्या भाकरीसाठी पेव उघडलं होतं. कोंडलेल्या पेवात दिवा जळला तरच माणसाला श्वास मिळतो, म्हणून उतरण्याआधी दिवा सोडायचा; ते काम लहान मुलीचं असे, हलक्या हाताचं म्हणून. त्या वर्षी ते मला मिळालं होतं आणि त्या मानानं मी सकाळपासून फुगले होते. रामजीकाका, माझे सर्वांत धाकटे काका, मला खांद्यावर बसवून आठवडी बाजाराला नेणारे, माझ्या मागे उभे राहून कमरेला दोर बांधत होते. आजीनं पहाटेच बजावलं होतं, लग्नघर आहे, तोंडातून काही अभद्र काढायचं नाही. आमच्याकडे एरवीसुद्धा दिवा विझला असं कुणी म्हणत नसे. दिवा शांत झाला, निवला, असं म्हणायचं. आणि लग्नघरात तर तेवढंही नाही. आत्याच्या हळदीच्या दिवशी, घरातल्या लेकीनं लावलेला दिवा गेला, असं मी कसं म्हणणार?

चौथ्या गाठीवर तो गेला. मी चटकन वर ओढला, काडी लावली, मनाशी म्हटलं हवेनं गेला, आणि पुन्हा सोडताना चौथ्या गाठीच्या आधीच हात थांबवला. काकांनी विचारलं, "काय गं, जळते का?"

"जळून राह्यला काका," मी म्हटलं.

पुढचं मी त्या दिवशी फारसं सांगितलं नाही आणि आजही लिहीत नाही. वरून हाका मारल्या, आतून उत्तर आलं नाही. दोर ओढला तेव्हा तो जड होता. बाकीचे लोक पेवानं धरलं म्हणाले. मला कुणी काही विचारलं नाही. दहा वर्षांच्या पोरीला कोण विचारणार? मांडव उतरला, हळदीचं पाणी परसात ओतलं गेलं, आणि माझ्या जिभेखाली तो न उच्चारलेला शब्द आयुष्यभर राहिला, खड्यासारखा.

हे सांगून झालं तेव्हा मोबाइल धरलेले हात खाली आले होते. अविनाशचा हात अजून शिडीवर होता. तो माझ्याकडे नाही, त्या काळ्या वाटोळ्या तोंडाकडे बघत होता, जिथे त्याच्या कपाळावरची बॅटरी तळापर्यंत स्वच्छ, पांढरा, निर्धास्त उजेड टाकत होती.

कमलाबाई पुढे आली. मला वाटलं, आता ही मला ओढून काढणार. ती गुडघे धरून कण्हत माझ्या शेजारी बसली, शिडीच्या दुसऱ्या कडेला, आणि लेकाला म्हणाली, "सोड तो दोर. आज हे होत नाई."

"आई, पाव्हने—"

"पाव्हन्याईले पोहे दे."

पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि गेले. काहींना राग आला, ते खरं आहे. जाताना एक जण म्हणाला, म्हातारीनं कार्यक्रम नासवला. मी ते ऐकलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही, इतकी मी आतून रिकामी झाले होते. अविनाशनं मला स्वतः गाडीवरून शेलूबाजारला सोडलं.  दारात वाकून पाया पडला, आणि त्याचे हात माझ्या पावलांवर जरा जास्त वेळ राहिले, गार.

मग पेवाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं गेलं आणि पेव उघडं ठेवलं. गावातल्या बायांनी कडुनिंबाची मोठी डहाळी दोराला बांधली. रोज सकाळी दोघी-तिघी काठाशी उभ्या राहून ती आत खालीवर करीत, कोंडलेली हवा ढवळून बाहेर काढीत. गाणं नाही, ढोलकी नाही. कमलाबाई फोनवर बातमी देई, एखाद्या आजारी माणसाची द्यावी तशी: आज दिवा पाचव्या गाठीवर गेला, आज सहाव्या. ज्या कार्यक्रमासाठी पत्रिका छापल्या होत्या तो अर्ध्या तासात मोडला, आणि हा दुसरा, पत्रिकेशिवायचा, रोज चालू राहिला.

चैत्रातल्या पहिल्या रविवारी मी पुन्हा गेले. या वेळी खुर्च्या नव्हत्या. सतरंजी आवारातच निंबाखाली अंथरली होती. कोवळ्या पानांतून गाळलेला उजेड म्हाताऱ्यांच्या पागोट्यांवर, बायांच्या पदरांवर ठिपक्याठिपक्यांनी हलत होता. दिवा सोडायला अविनाशनं ईश्वरीला बसवलं. तळाची गाठ आठवी. दोन दिवसांपासून दिवा सातवीपर्यंत टिकत होता. अविनाश तिच्या मागे उभा होता. शिडी कुंपणापाशी तयार होती, आणि त्याला ती किती जवळ वाटत असेल ते त्याच्या बोटांच्या चाळ्यावरून दिसत होतं. महिनाभर त्या माणसानं त्या तळाचा ध्यास घेतला होता.

मी त्याच्या बाजूला, जरा मागे उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा पेवाच्या तोंडाशी मी दोर हातात न घेता उभी होते.

पोरगी गाठी मोठ्यानं मोजत होती. सहा. सात. मधेच वाऱ्याची एक झुळूक आली, निंबाची चार पानं आत पडली. आठ. आणि अंधार झाला.

ईश्वरीनं मान वळवून वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती शोधत होते मी, नव्हती.

"बाबा, इझला," ती म्हणाली. एखाद्या पोरीनं पेन्सिल मोडली म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

 आता अविनाश ‘हवेनं गेला’ म्हणेल, असं मला वाटलं. आणि कदाचित दिवा खरोखर हवेनंच गेला असेल, कुणास ठाऊक. अविनाशनं हाताची घडी घातली.

"बरं," तो म्हणाला. "उद्या पाहू."

डहाळी पुन्हा दोराला बांधली गेली. चहा आला. ईश्वरी निरांजनातलं तेल बोटानं पुसत माझ्याजवळ येऊन बसली. मी तिच्या केसांवर हात ठेवला, पण माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. मी अजून त्या उभ्या राहण्याच्या जागेकडे बघत होते, जिथून मी आत्ता पाहिलं होतं. दिवा खाली जातो तेव्हा पेवाचा सारा गळा उजळतो. तो गेला की तो गळा एकदम काळा पडतो. दोर धरणाऱ्या मुलीला ते दिसतं, आणि तिच्या मागे उभं राहून खाली बघणाऱ्यालाही तितकंच दिसतं. मला आत्ता स्पष्ट दिसलं होतं, तिनं सांगण्याआधीच.

रामजीकाका माझ्या मागेच उभे होते. कमरेला दोर बांधत होते, हे मला पक्कं आठवतं. त्यांची नजर दोराच्या गाठीवर होती की माझ्या खांद्यावरून खाली, ते आठवत नाही. आणि दिवा गेलेला त्यांना दिसला असला, तरी घरात हळद होती, तो शब्द त्यांनाही मना होता.

चहा हातात निवून गेला. पेवाच्या तोंडातून निंबाची डहाळी हळूहळू वर येत होती, तिच्या पानांना तो वास लागलेला होता, पण पूर्वीपेक्षा फिका.